उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया घरच्यांपासून गुप्त ठेवायची तर : गोव्यात राहणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

गोव्यात कुणाच्या दारात नवी स्कूटर उभी राहिली, तर पोदेर पाव देऊन पुढच्या वाड्यावर जाईपर्यंत बातमी तिथे पोचलेली असते. अशा ठिकाणचा माणूस दोन्ही पायांची हाडं कापून घेतो, काही महिन्यांनी पाच-सहा सेंटिमीटर उंच होऊन येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे अशक्य वाटतं. जमतं, पण बहुतेक जण ठरवतात त्या पद्धतीने नाही. बहुतेकांचा बेत असतो की कुठे जातोय, कशाला जातोय, काहीच कुणाला सांगायचं नाही. हा बेत फसतो आणि कधी कधी जिवावर येतो. पायांच्या हाडांचं ऑपरेशन झालं, अमुक शहरात झालं, एवढं बाहेर गेलं तरी बिघडत नाही. ते उंचीसाठी केलं, एवढंच आत ठेवायचं. खालचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी महिने मोजा

सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह या शल्यचिकित्सकांनी १९५० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. कापलेल्या हाडाची दोन टोकं अगदी सावकाश एकमेकांपासून दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड धरतं. आजच्या सगळ्या पद्धतींचा पाया हाच आहे. हाड कापल्यावर साधारण ५ ते ७ दिवस काही करायचं नाही. मग रोज १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करून दिवसातून चार वेळा. नडगीच्या हाडात वेग बहुधा पाऊण मिलिमीटरवर ठेवतात, कारण तिथे हाड मंद भरतं आणि पोटरी लवकर आवळते. घाई केली तर फट पोकळ राहते. फार रेंगाळलं तर हाड वेळेआधीच जुळतं आणि पुन्हा कापावं लागतं.

मांडीच्या हाडात ६ सेंटिमीटर हवे असतील तर ७ दिवस थांबायचे आणि ६० दिवस ताणायचे, म्हणजे ६७ दिवस. एवढ्यात फक्त लांबी मिळते. ते हाड वजन पेलण्याइतकं घट्ट व्हायला आणखी तीन-चार महिने लागतात, आणि चाल पूर्वीसारखी दिसायला शस्त्रक्रियेपासून नऊ महिने ते वर्ष धरून चालावं. ‘दोन महिन्यांची रजा काढतो’ म्हणणाऱ्याने फक्त ताणण्याचे दिवस मोजलेले असतात.

कुठली पद्धत घेता, यावर काय लपेल ते ठरतं. बाहेरची चौकट, म्हणजे हाडातून आरपार तारा आणि पायाभोवती धातूच्या कड्या, नडगीच्या ५ सेंटिमीटरसाठी पाच ते आठ महिने पायावर असते. तिच्यावरून नेहमीची पँट चढत नाही. निघाल्यावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गोल गोल डाग राहतात. घरातल्या कुणाला ती दिसलीच तर कारणही लपत नाही, कारण इंटरनेटवर फोटो पाहून पोरंसोरंसुद्धा ओळखतात. आत सळी आणि बाहेर चौकट अशी मिश्र पद्धत असते. तिच्यात ताणणं संपलं की चौकट निघते, म्हणजे सुमारे दोन-अडीच महिन्यांत, पण डाग राहतातच. पूर्ण आत बसणारी सळी महाग आहे, मात्र गुप्ततेसाठी तीच बरी. प्रिसाइस नावाच्या सळीत चुंबक असतं. बाहेरून मांडीवर एक यंत्र ठेवलं की ते चुंबक फिरतं आणि सळी लांबते. व्रण म्हणाल तर कुल्ल्याजवळ एक, मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक आणि स्क्रूंचे दोन-तीन, सगळे गुडघ्यापर्यंतच्या चड्डीखाली झाकले जातात.

एक सावधगिरी. ‘दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वजन टाकून चाललो’ अशी जुनी वर्णनं वाचून बेत आखू नका. त्यातली बरीच स्ट्राइड या पोलादी सळीची आहेत, आणि ती सळी गंजणं व हाडात बदल दिसणं या कारणांनी २०२१ साली बाजारातून मागे घेतली गेली. टायटॅनियमच्या सळीवर किती वजन टाकायचं ते तिच्या जाडीवर ठरतं. दोन्ही पाय एकाच वेळी केले असतील तर हाड भरेपर्यंत वॉकर, कुबड्या, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची, याला पर्याय नाही. ‘घरी राहूनच करतो, कुणाला कळणार नाही’ हा विचार इथेच सोडून द्या.

चवथ ते चवथ

तारीख डॉक्टरच्या सोयीने घेऊ नका, आपल्या पंचांगाने घ्या. गोव्यातला माणूस वर्षभर कुठेही असो, चवथीला मूळ घरी दिसला नाही तर चौकशी सुरू होते. म्हणून शस्त्रक्रिया चवथ उरकल्यावर पंधरा दिवसांत ठेवावी. सप्टेंबरअखेर हाड कापलं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताणणं संपतं. दिवाळी चुकते, पण कामामुळे दिवाळी चुकणारे पुष्कळ असतात. मार्च-एप्रिलमध्ये कुबड्या सुटतात. शिगमो आणि गावची जत्रा चुकवायची. मे महिन्यातली लग्नं जमली तर चुकवायची, फार जवळचं असेल तर आहेर पाठवून फोन करायचा. पुढच्या चवथीला मग जवळजवळ अकरा महिने झालेले असतात.

मे-जूनमध्ये शस्त्रक्रिया करून पावसाळा अंगावर घेऊ नका. चिऱ्याच्या पायऱ्यांवर जुलैत शेवाळ धरतं, धडधाकट माणूसही तिथे सांभाळून पाय ठेवतो. कुबडी घसरून कोवळ्या हाडावर पडलात तर सळी वाकते किंवा स्क्रू तुटतो आणि सगळे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

काय सांगायचं

खोटं जितकं मोठं, तितकं ते सांभाळायला माणसं लागतात. गोव्यात तीन बहाणे हमखास सुचतात आणि तिन्ही टिकत नाहीत.

पहिला अपघाताचा. बांबोळीच्या गोमेकॉत प्रत्येकाचा कुणी ना कुणी असतो, मावसभाऊ वॉर्डबॉय, शेजारीण नर्स. अपघात झाला तर तिथे का नाही आणला, गाडी कुठे आहे, पोलिसांत नोंद झाली का, असे पाच प्रश्न पाच मिनिटांत येतात. शिवाय दोन्ही पाय एकाच जागी, एकाच दिवशी, इतके नेमके मोडत नाहीत. वर माणसं भेटायला निघतात. दुखणाईताला भेटणं हे इथे कर्तव्य आहे, तुम्ही दिल्लीत असलात तरी कुणीतरी निघेलच.

दुसरा जहाजाचा. सहा-नऊ महिने घरी नसणं आणि परत येताना अंगात फरक असणं, तारवट्याच्या बाबतीत कुणालाच नवल वाटत नाही, म्हणून हा बहाणा मोहात पाडतो. पण कंपनी कुठली, एजंट वास्कोचा की मडगावचा, बोट कुठल्या बंदरात, हे विचारणारा घरातच निवृत्त तारवटी असतो. त्याच कंपनीत गावचा दुसरा मुलगा निघतो. आणि तुम्ही खरोखरच जहाजावर जाणारे असाल तर आणखी एक अडचण आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीत उंची लिहितात आणि झालेल्या शस्त्रक्रिया विचारतात. तिथे खोटं चालत नाही.

तिसरा परदेशातल्या किंवा बंगळुरूच्या नोकरीचा. हा सगळ्यांत बरा, पण व्हिडिओ कॉलवर ढासळतो.

टिकतं ते अर्धं सत्य, आणि तेही थोडक्यात: ‘मांडीच्या हाडांचा जुना त्रास होता, ऑपरेशन करून आत सळ्या घातल्यात, काही महिने वजन टाकायचं नाही, डॉक्टर चांगले आहेत.’ एवढ्यात लंगडणं, कुबड्या, व्रण, विमानतळावर वाजणारं यंत्र आणि पुढे सळी काढायचं दुसरं ऑपरेशन, सगळं झाकलं जातं. ‘जुना त्रास’ म्हणजे काय ते मनाशी ठरवून ठेवा आणि प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगा. आत्याला वाताचा त्रास आणि काकाला वाकडं हाड सांगितलंत, तर ती दोघं चवथीला एकाच पाटावर बसून ताळा करतात. ‘कितें रे जालें?’ असं मावशीने विचारलं तर एक वाक्य सांगून तिच्या गुडघ्यांची चौकशी करा. पुढचा अर्धा तास विषय तिच्याच गुडघ्यांचा राहतो.

ऑपरेशनसुद्धा सांगायचं नसेल तर ते मित्रांच्या आणि लांबच्या नातेवाइकांच्या बाबतीत जमेल. ज्यांच्या घरात राहता त्यांच्या बाबतीत आम्हाला ते जमण्यासारखं वाटत नाही. नवरा किंवा बायको यांच्यापासून तर अजिबात नाही. व्रण, रात्रीचं दुखणं, पुढे सळी काढणं, यातलं काहीच एका खोलीत झोपणाऱ्यापासून लपत नाही. आणि ते कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही बरं.

ज्याला सगळं माहीत असतं असा एक माणूस

एप्रिल २०१६ मध्ये हैदराबादच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनियरने घरी काहीच न सांगता ही शस्त्रक्रिया करून घेतली. मुलगा सापडेना म्हणून घरच्यांनी शोध सुरू केला, शोध घेत आई-वडील रुग्णालयात पोचले आणि गोष्ट देशभरच्या बातम्यांत गेली. एकाही माणसाला काही न सांगण्याचा शेवट असा होतो. गुप्तता राहायची असेल तर कुणीतरी एक जण पूर्ण आत असावा लागतो.

हा माणूस मित्र असो, चुलत बहीण असो, तो गावातल्या गप्पांच्या साखळीबाहेरचा हवा. त्याच्याकडे लेखी द्यायच्या गोष्टी: रुग्णालय आणि शल्यचिकित्सक यांचे फोन, शस्त्रक्रियेची तारीख, सळीचं नाव आणि मापं, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, चालू गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी, आणि पुढे भाड्याची खोली घेतली की तिची एक किल्ली. रोज ठरलेल्या वेळी त्याला एक संदेश जायचा. २४ तास गेला नाही तर त्याने रुग्णालयाला किंवा घरमालकाला फोन करायचा. तिथूनही ठावठिकाणा लागला नाही तर त्याने तुमच्या घरी सगळं सांगून टाकायचं, तुम्हाला न विचारता. हे आधीच ठरवून द्या, नाहीतर तो बिचारा ‘शब्द दिलाय’ म्हणून बसून राहतो.

रुग्णालयातही बोलून ठेवा. १८ वर्षांवरील माणसाची संमती त्याची स्वतःचीच धरतात, पण बहुतेक रुग्णालयं सोबत जबाबदार माणूस आणि त्याची सही मागतातच. तिथे याच माणसाचं नाव घाला. डॉक्टरांच्या व्यवसायाचे २००२ चे नियम रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतात. तरीही दाखल होताना ‘फोनवर कुणालाही माहिती देऊ नये, फक्त अमुक व्यक्तीला द्यावी’ असं अर्जात लिहून घ्या. रिसेप्शनवर बसलेल्या मुलीने ते नियम वाचलेले असतीलच असं नाही.

डॉक्टरकडे मात्र गुपित नसतं. भूल देणारा, फिजिओ, पुढे कधी दाताचा डॉक्टर, प्रत्येकाला खरं सांगायचं. खालीलपैकी काही झालं तर गुपित त्या क्षणी संपलं असं समजा आणि जवळच्या कॅज्युअल्टीत जा, गोव्यात असाल तर १०८ लावा. अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं, थुंकीत रक्त दिसणं म्हणजे पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय. एकच पोटरी सुजून गरम होणं ही त्याआधीची पायरी. पायाची बोटं नुसती हलवली तरी असह्य दुखणं, तेही गोळ्यांना न जुमानणारं, म्हणजे स्नायूंच्या कप्प्यात दाब चढतोय. यात काही तासच हातात असतात. पाऊल वर उचलता न येणं म्हणजे नसेवर ताण आलाय, ताणणं थांबवून शल्यचिकित्सकाला ताबडतोब फोन. ताप आणि जखमेतून पू आला तर तो अंगावर काढू नका. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे: ‘हाड लांब करायची शस्त्रक्रिया झालीय, आत चुंबकाची सळी आहे, एमआरआयच्या खोलीत नेऊ नका.’ अपघात झाला म्हणून सांगितलंत तर ते अपघाताचेच उपचार करतील.

पैसा, कागद, मोबाईल

आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही. दावा लावायच्या फंदात पडू नका. गटविमा असेल तर कागद नोकरीच्या ठिकाणी फिरतो आणि तिथूनच बोभाटा होतो. पुढे नवी पॉलिसी घेताना मात्र हाडात सळी आहे हे लिहावं लागतं, लपवलं तर नंतरचा खरा दावाही अडतो.

कर्ज गावच्या पतसंस्थेतून काढू नका. जामीनदार लागतो, आणि व्यवस्थापक तुमच्या वडिलांबरोबर देवस्थानच्या समितीवर असतो. संयुक्त खात्यातूनही पैसे देऊ नका, मेसेज आईच्या मोबाईलवर जातात. वेगळं खातं सहा महिने आधी उघडून त्यात थोडे थोडे जमवा. रुग्णालयाने सांगितलेल्या रकमेवर निदान चौथा हिस्सा जादा बाजूला ठेवा. हाड मंद भरलं तर भाडं, फिजिओ, एक्स-रे सगळं लांबतं. पैसे संपले म्हणून घरी मागायची वेळ येते आणि तिथेच गुपित फुटतं.

नोकरीच्या ठिकाणी खोटं प्रमाणपत्र देऊ नका, डॉक्टरकडे मागूही नका. ‘दोन्ही मांड्यांच्या हाडांवर शस्त्रक्रिया झाली असून आत सळ्या बसवल्या आहेत, अमुक महिने वजन टाकण्यास मनाई’ हे खरं वाक्य रजेला पुरतं आणि विमानतळावरही पुरतं. हेतू लिहिणं बंधनकारक नाही. पोलीस, सैन्य अशा भरतीसाठी उंची कमी पडते म्हणून कुणी याचा विचार करत असेल तर त्याने तो सोडलेला बरा. तिथे पायांची तपासणी कसून होते, व्रण दिसतात आणि हाडातली सळी अपात्र ठरवते.

मोबाईलमध्ये तीन गोष्टी बंद करा: घरच्यांबरोबर चालू असलेलं लोकेशन, कुटुंबाचा सामाईक फोटो अल्बम (एक्स-रेचा फोटो काढला की तो घरच्या टीव्हीवर झळकतो) आणि व्हॉट्सॲपवर आपोआप साठणारे फोटो. कागद फेकू नका. डिस्चार्जचा कागद, सळीवरचं चिकटपत्र, सगळे एक्स-रे यांची सळी काढताना गरज पडते. मूळ कागद त्या एका माणसाकडे ठेवा.

ताणण्याचे दिवस

हे दिवस शल्यचिकित्सकाच्या शहरातच काढा. दर आठ-पंधरा दिवसांनी एक्स-रे पाहून तो वेग कमी-जास्त करतो. मध्येच मोप्याला उतरून गोव्यात यायचं आणि फोनवर विचारत राहायचं, हे करू नका.

रोजचे दोन ते चार तास स्नायू ताणण्यात जातात, आणि गुपित टिकवायच्या दृष्टीने हीच खरी मेहनत आहे. हाड लांबतं, स्नायू मागे राहतात. मांडी लांबवली तर गुडघा आणि खुबा आखडतो, कंबर पुढे काढून बदकासारखं चालणं येतं. नडगी लांबवली तर टाचेची शीर ओढली जाते, टाच जमिनीला टेकत नाही आणि माणूस चवड्यावर चालतो. चवड्यावर चालणारा माणूस अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येतो. म्हणून रात्री पाऊल काटकोनात धरणारा पट्टा बांधायचा, दिवसातून अनेक वेळा भिंतीला टेकून पोटरी ताणायची. एखाद्या आठवड्यात टाच टेकेनाशी झाली तर हौसेने आणखी सेंटिमीटर मागू नका, तिथेच थांबा. ५ सेंटिमीटर आणि सरळ चाल यात जे लपतं, ते ७ सेंटिमीटर आणि लंगडण्यात लपत नाही.

सिगारेट शस्त्रक्रियेच्या निदान महिना-दीड महिना आधी पूर्ण सुटलेली हवी, हाड भरणं तिच्यामुळे रखडतं. दुखणं थांबवायला औषधाच्या दुकानातून मनाने गोळ्या घेऊ नका. सूज उतरवणाऱ्या काही नेहमीच्या गोळ्या हाड जुळण्याच्या आड येतात. ड जीवनसत्त्व आधी तपासून घ्या. खाण्यात प्रथिनं रोज वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम धरा. शीतकडी-भातावर ती भागत नाहीत, अंडी, मासळी, डाळी मोजून खाव्या लागतात.

व्हिडिओ कॉल तुम्ही लावा, समोरच्याने लावायची वाट पाहू नका. वेळ ठरलेली, खुर्चीत बसून, छातीच्या वर चौकट, मागे कोरी भिंत. पलंगावरून बोलू नका, सलाइनचा दांडा आणि हिरवा पडदा आई बरोबर टिपते. झोप नसल्याने डोळे खोल गेलेले असतात, सकाळी आंघोळीनंतर बोला. रात्री दोन वाजता दुखतं, कुणाला सांगता येत नाही आणि उगाच केलं असं वाटतं. हे बहुतेकांना होतं, आणि गुप्ततेची खरी किंमत ती आहे. तेव्हा फोन करायला तो एक माणूस असतो. त्यानेही भागलं नाही तर डॉक्टरांना सांगून समुपदेशकाची वेळ घ्या.

गोव्यात परत, पण घरी नाही

हाड घट्ट होण्याचे महिने स्वतःच्या तालुक्याबाहेर भाड्याच्या खोलीत काढा. पेडण्याचा माणूस काणकोणात कमी भेटतो. डिचोलीच्या माणसाने मात्र म्हापशात खोली घेऊ नये, शुक्रवारच्या बाजाराला अर्धी डिचोली तिथे असते. खोली तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली, दाराला उंच उंबरठा नसलेली, कमोडची. दाराची मोकळी रुंदी ७५ सेंटिमीटरच्या खाली नको, चाकाच्या खुर्चीला बाजूने हाताची बोटंही जायला हवीत. मोजपट्टी घेऊन न्हाणीघराचं दार आधी मोजा, फसगत तिथेच होते. घरमालक भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करतो, त्यात आडनाव-गाव खरं जातं, त्याची भीती बाळगू नका. घरमालकाला ‘पायांचं ऑपरेशन झालंय’ हे आधीच सांगा, रात्रीअपरात्री दार उघडायची वेळ आली तर तो लागतो.

परतताना विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय मागितलीत तर ढकलणारा बहुधा गोव्याचाच असतो आणि ‘गाव कुठलं?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मुंबईहून येत असाल तर स्वतंत्र गाडीने या, दर तासा-दोन तासांनी थांबून पाय हलवत.

उंची कशात दिसते

माणसं दुसऱ्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, वस्तूंशी आणि भावंडांशी मोजतात. पाच सेंटिमीटर रस्त्यावर कुणाला कळत नाहीत, घरात कळतात. दाराच्या चौकटीवर लहानपणी पेन्सिलीने मारलेल्या रेघा, आरशात केस कुठे कापले जातात, स्कूटरवर पाय पूर्ण टेकतो की चवडा. आणि माटोळी. चवथीच्या आदल्या दिवशी नारळ आणि सुपारीचे घोस वर बांधताना दर वर्षी ज्याला स्टूल लागत होतं, त्याने यंदा टाचा न उचलता हात पोचवला, तर खाली सुंभ धरून उभा असलेला भाऊ वर बघतो. त्या दिवशी स्टूल घ्या, किंवा खाली बसून फळं निवडायचं काम घ्या.

जुन्या पँटी सगळ्या काढून टाका, एकही घरी नेऊ नका. कंबर तीच आणि पाय घोट्याच्या वर, हे आईला धुताना कळतं. नव्या पँटी शिवताना खालची शिवण थोडी लांब ठेवा. मांडी लांबवलेल्यांचे गुडघे बसल्यावर पुढे येतात, कदंब बसच्या सीटवर ते लगेच जाणवतं. बसल्या जागी डोकं पूर्वीइतकंच असतं, म्हणून पहिली भेट बसूनच घ्या.

शस्त्रक्रियेआधी वर्षभर बुटात उंच तळवा घालायचा, म्हणजे लोकांना सवय होते, अशी युक्ती सांगतात. ऑफिसात ती चालते. घरात, देवळात, पंगतीला माणूस अनवाणी असतो, तिथे ती उघडी पडते. शिवाय रोज टाच उचलून चालल्याने पोटरी आधीच आखूड होते, आणि नडगी लांबवणार असाल तर हे पायावर धोंडा मारून घेणं आहे. वापरायचाच तर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि रोज संध्याकाळी पोटरी ताणून.

‘उंच झालास की काय?’ असं कुणी विचारलंच तर खुलासा करू नका. ‘बारीक झालोय’ पुरतं, आणि ते खरंही असतं, या महिन्यांत स्नायू उतरतात. वाढीचे दिवस सरलेल्या माणसाने ‘योगा करून वाढलो’ म्हटलं की मात्र कुणीतरी मोबाईल काढून शोधायला बसतो.

घरी जाण्याआधीची परीक्षा

ही खोलीवर घ्या, एकदा नाही, आठवडाभर. एका पायावर तीस सेकंद, कंबर न कलता. अर्धा तास सपाट चालणं, मागून त्या एका माणसाने मोबाईलवर चित्रण करायचं. लंगडणं आपल्याला जाणवत नाही, मागून दिसतं. कठडा न धरता एक मजला चढणं-उतरणं. मांडी घालून पूर्ण जेवण आणि हात न टेकता उठणं, हे सगळ्यांत उशिरा येतं आणि पंगतीत सगळ्यांसमोर करावं लागतं. घुमटाच्या तालावर तासभर चालणाऱ्या आरतीला उभं राहणं. यातलं मांडीचं जमत नसेल तर खुर्ची मागा, सळ्यांचं कारण आधीच सांगितलेलं आहे. फुटबॉलच्या मित्रांना वर्षभर नाही म्हणा. डॉक्टरने एक्स-रे पाहून परवानगी दिल्याशिवाय एक चेंडूही मारू नका.

आखूड चड्डी घालून अंगणात वावरणाऱ्यांनी व्रणांवर वर्षभर ऊन पडू देऊ नये, काळे पडतात. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी लावली की व्रण सपाट राहतात.

सळी काढताना

साधारण एक ते दोन वर्षांनी सळ्या काढतात. बरेच जण हे विसरलेले असतात आणि पुन्हा नवा बहाणा शोधायला लागतात. तो लागत नाही, पहिल्याच दिवशी ‘पुढे सळ्या काढायच्या आहेत’ असं सांगून ठेवलं असलं की झालं. रुग्णालयात एक-दोन दिवस, नंतर काही आठवडे जपून चालणं. स्क्रूंची भोकं भरेपर्यंत धावणं-उडी नाही, हाड तिथूनच मोडतं. हेही चवथीनंतर ठेवा. काढलेल्या सळ्या आठवण म्हणून मागून घेणारे असतात. घ्यायच्याच असतील तर त्या एका माणसाकडे ठेवा, कपाटाच्या खालच्या खणात नको. चवथीच्या आधी आई सगळे खण रिकामे करून पुसते.